तेलाची आच आणि सोलापूरची चादर

इंधन तेल, म्हणजे ज्याला कारखान्यात फर्नेस ऑइल म्हणतात ते, आणि तेही 'तापवण्याचं इंधन' म्हणून. सोलापुरात उभं राहून यावर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच. ज्या गावात मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तिथं आणखी काय तापवायचं, असं तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलंच असेल.

थंड देशांत हा प्रश्न कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात आजही लाखो घरांच्या तळघरात तेलाची टाकी असते. हिवाळ्यात टँकर येतो, टाकी भरतो, भट्टी घर तापवते. तेलाचा भाव वाढला की त्या कुटुंबाला थर्मोस्टॅट खाली करून घरात स्वेटर घालून बसावं लागतं. आपल्याकडे घर तापवायचा प्रश्न नाही. आपल्याकडे तापवायचं ते पाणी. न्हाणीघरातल्या बंबात अंघोळीचं, आणि डाइंगमध्ये रंगाचं. थंडीचं काय, तर चादर. तिकडे माणूस उबेसाठी अख्खी खोली तापवतो, इकडे तो चादर अंगावर ओढून घेतो. एकदा विकत घेतली की वीस वर्षं तिला इंधन लागत नाही. पण ती चादर विणण्याआधी तिचं सूत रंगवावं लागतं आणि त्यासाठी पाणी उकळावं लागतं. उबेचा खर्च टळत नाही, तो आधीच होऊन गेलेला असतो. तो सोलापुरात होतो.

या खर्चाचा भाव कोण ठरवतं, हे मला आज सांगायचं आहे. लाकडाचा भाव सोलापुरात ठरतो. कोळशाचा भाव खाणीपेक्षा रेल्वेनं जास्त ठरवला. आणि फर्नेस ऑइलचा भाव अशी माणसं ठरवतात ज्यांना पाणी तापवण्याशी काही देणंघेणं नाही.

सुरुवात कोळशापासून करू. रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली. त्याआधी इथं माग होते, रंगारी होते, आणि रंगाच्या हंड्याखाली बाभळीचं सरपण होतं. तेव्हा इंधनाचं अर्थकारण बैलगाडीच्या अंतरात संपायचं. सरपण जितक्या लांबून आणावं तितकं महाग, आणि एका मर्यादेपलीकडे आणणंच परवडत नाही. ज्याच्या शेताच्या बांधावर बाभूळ, त्याच्याकडून घ्यायचं.

गिरणी आली आणि हे गणित मोडलं. मोरारजी गोकुळदासांनी उभी केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, जिला सगळं गाव जुनी मिल म्हणतं, ती १८७७ च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे ऐन मोठ्या दुष्काळात. १८७६ ते ७८ चा तो दुष्काळ सोलापूर जिल्ह्यानं फार भोगला, आणि त्याच काळात इथं वाफेच्या इंजिनाची पहिली मोठी चिमणी उभी राहिली. पुढं नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्या झाल्या. गिरणीचं इंजिन बांधावरच्या बाभळीवर चालत नाही. त्याला रोज वॅगनच्या हिशेबानं कोळसा लागतो. बंगाल-बिहारच्या खाणी इथून दीड हजार किलोमीटरहून जास्त दूर. मुंबई बंदरात उतरणारा विलायती कोळसा तिथून पुन्हा घाट चढून यायचा. सिंगरेणीच्या खाणी १८८९ च्या सुमारास सुरू झाल्या, तेव्हा वाडी जंक्शनमार्गे दक्षिणेकडून कोळसा यायची वाट मोकळी झाली. सोलापूरच्या दृष्टीनं तीच त्यातल्या त्यात जवळची खाण.

या जुन्या मिलचं नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं. १९४९ मध्ये ती बंद पडली, जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार हातात घेतला, आणि त्यावरून चिरंजितलाल चौधरी खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. घटनेच्या पुस्तकात ही गिरणी समतेच्या आणि मालमत्तेच्या हक्काखाली येते. तिच्या बॉयलरमध्ये काय जळत होतं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात कुणी विचारत नाही. इतिहासात इंधनाचं नेहमी असंच होतं. ते जळून जातं आणि नोंद मागे राहत नाही.

आता तेलाकडे येऊ. फर्नेस ऑइल समजून घ्यायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे तेल कुणी मुद्दाम बनवत नाही. कच्चं तेल तापवून त्यातून हलके भाग वर काढून घेतले की तळाला जो जाड, काळा, चिकट गाळ उरतो, ते हे. तुपाची बेरी म्हणा हवं तर. फक्त बेरी आपण साखर घालून आवडीनं खातो, आणि या बेरीचं काय करायचं हा तेलवाल्यांचा जुना प्रश्न.

एकोणिसाव्या शतकात कॅस्पियन समुद्राकाठी बाकू इथं तेलाच्या विहिरी होत्या. तिथं तेल काढायचं ते दिव्याच्या रॉकेलसाठी. कच्च्या तेलातून रॉकेल थोडं निघायचं आणि काळा गाळ ढीगभर उरायचा. आधी तो टाकून देत. मग १८७० च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की वाफेच्या किंवा हवेच्या झोतानं याचे बारीक थेंब उडवले तर हा छान जळतो. कॅस्पियनवरच्या आगबोटी त्यावर चालायला लागल्या. लाकूड नसलेल्या, कोळसा दूर असलेल्या त्या मुलखात कचरा हेच इंधन झालं. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर गेलं आणि या गाळाला राजकारणात मान मिळाला. तिथून तेलाचा भाव जहाजांशी जोडला गेला, तो आजतागायत. हे जहाज मी पुढं परत आणणार आहे.

आपल्याकडे तेलाचं इंधन आधी आलं ते मुंबईत, आणि आलं ते कोळशाच्या रेल्वेभाड्यामुळे. पहिल्या महायुद्धानंतर वॅगनची टंचाई, कोळशाची महागाई, त्यात दक्षिण आफ्रिकेचा कोळसा जहाजानं मुंबईत उतरून बंगालच्या कोळशापेक्षा परवडायला लागला. आपल्याच देशातला कोळसा आपल्याच देशातल्या बंदरात महाग! बंगालच्या खाणमालकांनी ओरड केली, १९२४ मध्ये सरकारनं इंडियन कोल कमिटी नेमली. या भांडणात तिसरा गडी होता इंधन तेल. बंदराला लागलेल्या गावाला समुद्रमार्गे आलेलं तेल स्वस्त, आणि तेच तेल घाट चढून आत नेलं की महाग. त्यामुळे सोलापूर कोळशावर राहिलं.

चित्र बदललं ते १९५४-५५ मध्ये. ट्रॉम्बेला स्टॅनव्हॅकचा आणि शेजारी माहुलला बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढं सरकारीकरण होऊन यांचेच हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. देशाला पेट्रोल, डिझेल, रॉकेल हवं होतं. पण बेरी निघणारच. ती घेईल त्याला द्यायची होती, आणि सोलापूरपासून ती आता चारशे किलोमीटरवर होती, दीड हजारावर नव्हती.

ज्याला घ्यायची त्याच्यासाठी बॉयलरही तयार होत होते. पुण्याची आजची थरमॅक्स कंपनी १९६६ मध्ये वॅन्सन इंडिया या नावानं सुरू झाली. लहान, तेलावर चालणारे, वेटोळ्या नळीचे बॉयलर हा तिचा धंदा. हे लहान बॉयलर फार महत्त्वाचे आहेत. गिरणीचा लँकशायर बॉयलर म्हणजे घराएवढा विटांचा चौथरा, आणि पेटवल्यापासून वाफ धरायला त्याला तासन्‌तास लागायचे. लहान तेल-बॉयलर कोपऱ्यात मावतो, बटण दाबलं की काही मिनिटांत वाफ देतो, संध्याकाळी बंद केला की जळणही बंद. त्याच काळात सोलापूरच्या पूर्व भागात पॉवरलूम वाढत होते. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचे हातमाग यंत्रमाग होत होते, चादरीला आणि टॉवेलला मागणी होती. प्रचंड गिरणीऐवजी शेकडो लहान कारखाने. लहान कारखान्याला लहान बॉयलर हवा. आणि तेव्हा कच्च्या तेलाचा जागतिक भाव पिंपाला दोन डॉलरच्या आतबाहेर होता.

मग ऑक्टोबर १९७३ आला. अरब-इस्रायल युद्ध, तेलाची नाकेबंदी. तीन डॉलरचं पिंप १ जानेवारी १९७४ ला साडेअकरा डॉलरच्या पुढं गेलं. तीन महिन्यांत जवळजवळ चौपट. देशाची परकीय गंगाजळी आधीच आटलेली. योगायोग असा की सुखमय चक्रवर्ती यांच्या अध्यक्षतेखालची इंधन धोरण समिती १९७० पासून बसली होती, तिचा अहवाल १९७४ मध्ये आला आणि तिनं सांगितलं: आपल्या देशाचं मुख्य इंधन कोळसा असलं पाहिजे, जिथं जमेल तिथं तेल काढा, कोळसा घाला. कोळशाच्या खाणी तोवर सरकारच्या झाल्याच होत्या. १९७८ मध्ये तेलबचतीसाठी पीसीआरए ही संस्था निघाली. तिची माणसं कारखान्यात जाऊन बॉयलरच्या धुराचं तापमान मोजत, वाफेची गळती दाखवत, बर्नर नीट लावायला शिकवत.

हे सगळं योग्यच होतं. पण दिल्लीत बसून 'तेलाऐवजी कोळसा' म्हणणं सोपं. मोठ्या सिमेंट कारखान्याला रेल्वेचं सायडिंग असतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या डाइंगवाल्याला कोळशाची अख्खी वॅगन घेऊन काय करायचं? ठेवायला जागा नाही, राख टाकायला जागा नाही. त्याच्यासमोर पर्याय दोनच. महागलेलं तेल किंवा आजोबांचं सरपण. बरेच जण आजोबांकडे गेले. बॉयलर बनवणाऱ्यांनीही वारा ओळखला आणि लाकडावर, भुश्श्यावर चालणारे बॉयलर बाजारात आणले. तेलाच्या सुधारणेतून माणसं लाकडाकडे परत गेली, ही गोष्ट प्रगतीच्या कुठल्याही आलेखात बसत नाही.

एक गंमत सांगतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं. ते तेल हलकं आणि कमी गंधकाचं, पण मेणाळ. त्याच्या तळाच्या गाळाला एलएसएचएस म्हणतात. तो पन्नास-पंचावन्न अंशांखाली गोठतो. म्हणजे सोलापूरच्या भर उन्हाळ्यातसुद्धा तो टाकीत थिजून बसणार! त्याला सतत तापवत ठेवायचं तर लहान कारखान्याचं काम नव्हे. आपल्याच समुद्रातलं इंधन, पण आपल्या गावच्या उन्हाला पुरून उरणारं. फर्नेस ऑइल इतकं हट्टी नाही, तरी तेही जाळण्याआधी शंभर अंशांच्या आसपास तापवावं लागतं, नाहीतर बर्नरला थेंब धरत नाही. इंधन पेटवण्याआधी इंधन तापवायचं, हा खर्च भावाच्या पाटीवर लिहिलेला नसतो.

आता थोडं गणित करू. कंटाळू नका, चादरीएवढंच आहे. एक किलो फर्नेस ऑइलमध्ये ढोबळ दहा हजार किलोकॅलरी उष्णता. चांगला बॉयलर त्यातली पंच्याऐंशी टक्के वाफेत उतरवतो. हाती लागल्या साडेआठ हजार. सुकलेल्या लाकडात किलोला बत्तीसशेच्या आसपास, आणि लाकडाचा साधा बॉयलर त्यातली साठ-बासष्ट टक्के देतो. हाती दोन हजार. म्हणजे एक किलो तेलाचं काम सव्वाचार किलो लाकूड करतं. या एका आकड्यात सगळं आलं. तेलाचा भाव लाकडाच्या सव्वाचार पटीच्या खाली असेल तर तेल घ्या, वर असेल तर लाकूड.

समजा लाकूड पाच रुपये किलो आहे. मग तेल एकवीस रुपयांच्या आत मिळालं तरच बरोबरी. आणि तेल पन्नास रुपये धरलं तर? रंगवायच्या एक किलो सुताला दहा लिटर पाणी धरा, तीसवरून नव्वद अंशांवर न्यायचं. सहाशे किलोकॅलरी. धुणं-ब्लीचिंग, रंग आणि शेवटचं साबणाचं पाणी, अशा तीन गरम फेऱ्या धरल्या तर अठराशे. तेलाचे दोनशे दहा ग्रॅम, म्हणजे साडेदहा रुपये. लाकडाचं नऊशे ग्रॅम, साडेचार रुपये. किलोमागं सहा रुपयांचा फरक. दोन किलोच्या चादरीला बारा रुपये. हे मी भाव धरून मांडलेलं गणित आहे. नळातली गळती, सूत वाळवणं यात नाही, ते घातलं तर फरक वाढेलच. दुकानात चादर घेणाऱ्याला बारा रुपये म्हणजे चहा-बिस्कीट. पण जो डाइंगवाला जॉबवर्क करतो, दुसऱ्याचं सूत किलोच्या दरानं रंगवून देतो, त्याच्या किलोमागच्या नफ्याशेजारी हे सहा रुपये ठेवून बघा. त्याचं सगळं घर त्या फरकावर चालतं.

मग प्रश्न येतो: इतका फरक आहे तर तेल कुणीही कशाला घ्यावं? इथं किलोचा भाव सोडून बाकीचा हिशेब करायला बसावं लागतं. लाकडाच्या बॉयलरला गाडी उतरवायला माणसं लागतात, ओंडके फोडायला लागतात, दर काही मिनिटांनी भट्टीत टाकायला लागतात, राख काढायला लागतात. तेलाला एक बॉयलर अटेंडंट पुरतो. लाकडाला आवार लागतं, आणि सोलापुरात एमआयडीसीतली जागा काही फुकट नाही. उलट बाजूनं, तेलाचा टँकर पैसे भरल्याशिवाय डेपोतून निघत नाही. बारा हजार लिटरचा टँकर म्हणजे साडेअकरा टन. पन्नासच्या भावानं पावणेसहा लाख रुपये एकरकमी, सूत रंगवून व्हायच्या आधी. लाकूडवाला गाडी टाकतो आणि महिनाभर थांबतो. लहान धंद्यात उधारी हेच अर्धं भांडवल असतं, आणि उधारी देणारं इंधन स्वस्त वाटतं, ते खरोखर स्वस्त असो वा नसो. माझ्या मते सोलापुरात लाकूड टिकलं त्याचं एक मोठं कारण ही उधारी आहे, नुसत्या किलोकॅलऱ्या नाहीत.

कराचीही एक गोष्ट इथं येते. पेट्रोल, डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. फर्नेस ऑइल मात्र जुलै २०१७ पासून जीएसटीत आहे, अठरा टक्के. आणि ज्याचा कारखाना नोंदलेला आहे त्याला या कराचं क्रेडिट मिळतं. डिझेल जाळणाऱ्याला ते मिळत नाही. त्यामुळे कागदावरचा भाव तोच असला तरी मोठ्या, हिशेबी कारखान्याला तेल थोडं स्वस्त पडतं आणि लहान, नोंदणीबाहेरच्या रंगाऱ्याला तेवढं पडत नाही.

आता ते जहाज परत आणतो. सत्तरच्या दशकापासून आपल्याकडे तेलाचे भाव सरकार ठरवत होतं. रॉकेल आणि घरगुती गॅस स्वस्त ठेवायचा, त्याचा भार बाकीच्या तेलांवर टाकायचा, अशी ती रचना. १९९८ मध्ये फर्नेस ऑइल या रचनेतून मोकळं झालं. मोकळं झालं म्हणजे काय? त्याचा भाव आता परदेशी बाजाराला बांधला गेला. तिथं हे तेल घेतं कोण? मोठी मालवाहू जहाजं. सिंगापूरला, फुजैराला जहाजं किती तेल भरतात यावर आमच्या डाइंगचा भाव हलायला लागला, आणि तो दर पंधरवड्याला बदलायला लागला. जॉबवर्कचा दर दिवाळीला ठरलेला, तेलाचा दर पंधरवड्याचा. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल १४७ डॉलरला गेलं, डिसेंबरात चाळीसच्या खाली आलं. सहा महिन्यांत कुणी बॉयलर बदलू शकतो का? २०१४ च्या मध्याला शंभरच्या वर, जानेवारी २०१६ मध्ये तीसच्या खाली. ज्यांनी नुकताच लाकडाचा बॉयलर बसवला होता त्यांना वाटलं फसलो, आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानं भाव परत चढला तेव्हा वाटलं वाचलो. दोन्ही वेळा त्यांच्या हातात काही नव्हतं.

सगळ्यात विचित्र गोष्ट २०१९ च्या शेवटी झाली. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, तिचं कार्यालय लंडनला, ठरवलं होतं की १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनात गंधक अर्ध्या टक्क्याच्या वर नको. आधीची मर्यादा साडेतीन टक्के. त्यामुळे जास्त गंधकाच्या तेलाला जहाजांकडून मागणी कोसळणार म्हणून त्याचे भाव आधीच गडगडले. किनाऱ्यावरच्या बॉयलरवाल्यांना काही आठवडे तेल स्वस्त झालं, कारण समुद्रावरच्या लोकांना ते नकोसं झालं.

नकोसं का झालं, ते इथंही सांगायला हवं. आपल्या मानकात फर्नेस ऑइलमध्ये चार टक्क्यांपर्यंत गंधक चालतं. साडेतीन टक्के धरा. एक टन तेल जाळलं की पस्तीस किलो गंधक, आणि त्याचा जळून सत्तर किलो सल्फर डायऑक्साइड. तो डोळ्याला दिसत नाही. लाकडाचा धूर दिसतो, शेजारी तक्रार करतात. तेलाची चिमणी स्वच्छ दिसते आणि घशाला खवखव होते. बॉयलरवाल्यालाही हे भोवतं. धूर फार गार होऊ दिला तर गंधकाचं आम्ल नळ्या खातं, म्हणून उष्णता मुद्दाम वर सोडून द्यावी लागते. २४ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थानात फर्नेस ऑइल आणि पेटकोक जाळायला बंदी केली. महाराष्ट्रात ती नाही. पण केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात, जो २०१९ मध्ये सुरू झाला, हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहे. आपल्या हवेत वाहनांचा धूर आहे, रस्त्याची धूळ आहे, भट्ट्यांचा धूर आहे. भट्टीचा वाटा तेलाचा किती आणि लाकडाचा किती, यावर भांडण होऊ शकतं. भट्टीसमोर उभा राहून ओंडके टाकणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं, त्यावर भांडण्यासारखं काही नाही. मघाच्या गणितात मी मजुरी मोजली. त्याची छाती मोजली नव्हती, आणि कुणाच्याच वहीत ती मोजलेली नसते.

दरम्यान शुद्धीकरण कारखाने शहाणे झाले. बेरीवर पुन्हा प्रक्रिया करून त्यातूनही डिझेल काढायची यंत्रं बसली. जितका कारखाना आधुनिक, तितकी बेरी कमी. देशातला फर्नेस ऑइल आणि एलएसएचएसचा एकत्रित खप या शतकाच्या सुरुवातीला वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास होता, तो आता जवळजवळ निम्म्यावर आलाय. मुंबईहून पुण्यामार्गे आपल्या पाकणीपर्यंत हिंदुस्थान पेट्रोलियमची पाइपलाइन आली. त्यातून पेट्रोल, डिझेल वाहतं. जाड काळं तेल त्या नळीत घालता येत नाही, ते अजूनही टँकरनं घाट चढून येतं. पेट्रोल सोलापूरच्या जवळ आलं, फर्नेस ऑइल होतं तिथंच राहिलं.

आणि याच जिल्ह्यात, राज्यात सर्वात जास्त साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यात, उष्णतेला पैसेच पडत नाहीत असे बॉयलर आहेत. उसाचा रस काढला की बगॅस उरतो, तोच जाळायचा. पन्नास टक्के ओला, किलोला जेमतेम बावीसशे किलोकॅलरी, तरी फुकटच. तोही गाळच, पण घरचा. त्यातला उरलेला बगॅस, तुराट्या, शेंगांची फोलपटं दाबून ब्रिकेट करतात, त्याला बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. बरेच डाइंगवाले आता लाकडाबरोबर तो घेतात. त्याचा भाव ठरतो उसाच्या गाळप हंगामावर आणि पावसावर. म्हणजे फिरून भाव गावात आला. पण ज्या वर्षी दुष्काळ, त्या वर्षी ऊस नाही, बगॅस नाही, ब्रिकेट महाग. आणि बांधावरच्या वेड्या बाभळीवर सगळ्यांच्या कुऱ्हाडी.

शेवटी पावसाळ्याचं सांगतो, कारण डाइंगवाल्यांशी बोललात तर ते हेच सांगतील. जुलै-ऑगस्टमध्ये आवारातलं लाकूड भिजतं. चाळीस-पंचेचाळीस टक्के पाणी धरलेल्या लाकडातून बॉयलरच्या पलीकडे किलोला अकराशे किलोकॅलरी मिळाल्या तरी खूप. म्हणजे एक किलो तेलाला पावणेआठ किलो लाकूड. पाच रुपयांनी एकोणचाळीस रुपये. कागदावर अजूनही लाकूडच स्वस्त. पण ओल्या लाकडावर वाफेचं प्रेशर टिकत नाही, रंगाचं पाणी ऐंशीवर राहायच्या जागी सत्तरवर येतं, आणि शेड हलते. लाल हवा तिथं विटकरी. ते सूत परत सोडवून परत रंगवायचं म्हणजे पाणी, रंग, मजुरी सगळं दुप्पट. म्हणून ज्यांच्याकडे जुनी टाकी आणि बर्नर अजून शाबूत आहे, ते अशा दिवसांपुरतं तेल राखून ठेवतात. झडीच्या दिवशी पाळी सात वाजता सुरू व्हायची असेल तर टाकीखालचा हीटर पहाटे पाचलाच लावतात. तेल पातळ व्हायला तेवढा वेळ लागतोच.